शून्य देवाची पोरगी

केसरबाई आत्राम मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कशाला आलीस हेही विचारलं नाही. अंगणात ताडपत्रीवर मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यातला काडीकचरा वेचत त्या बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती देवाची हायेस?"

मी मूलच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे सुट्टी लागली की कॉलेज मला ओळख दाखवत नाही, म्हणून सुट्टीत मी पीएचडी करते. गोंडांची देवव्यवस्था हा मुद्दा मी आठ वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. काही घरं चार देवांची, काही पाच, काही सहा, काही सात. आकडा सारखा असला की ती सगळी एकमेकांची भाऊबंद, आडनाव काही का असेना. त्यांच्यात लग्न होत नाही. आकडा वेगळा असला की सोयरे. मुलगी द्यायची-घ्यायची ती तिकडेच. पाच गुणांचा हा प्रश्न मी शेकडो पोरांना विचारला असेल. कुणीतरी तो मलाच विचारील, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आम्ही बौद्ध आहोत, बाई," मी म्हटलं. "आमच्या आजोबांनी देव सोडले, छप्पन साली."

"सगळेच?"

"सगळेच."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि खरं सांगते, त्या नजरेत दया होती. "म्हंजे शून्य," त्या म्हणाल्या. "मंग तुले समजते कसं वं, कोन तुया भाऊ अन् कोन सोयरा?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी वही काढून प्रश्नच लिहून घेतला.

पिपरटोला हे गाव गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागून पुढे डावीकडे जंगलात शिरलं की लागतं. चाळीसेक घरं, त्यातली बहुतेक आत्रामांची, सहा देवांची. केसरबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा, एक सून आणि गडचिरोलीला नर्सिंग शिकणारी नात साक्षी. मुलगा चांगला पन्नाशीचा, पण आईसमोर तो फक्त हो म्हणायचा, आणि तेही आईनं विचारलं तरच. धान, मोह, तेंदूपत्ता, हिरडा असं चारी बाजूंनी थोडं थोडं जमवून घर चालायचं. केसरबाईंचा खरा धंदा मात्र वेगळाच होता, आणि त्यात एक पैसा मिळत नव्हता. पंचक्रोशीतलं कुठलंही लग्न त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे.

त्यांची पद्धत अशी. बांबूच्या एका लहान टोपलीत त्यांनी हिरडे आणि मोहाच्या बिया, म्हणजे टोळ, ठेवलेले असत. कुणी लग्नाची गोष्ट घेऊन आलं की त्या सारवलेल्या जमिनीवर टोपली पालथी करत. हिरडा म्हणजे बाप्या, टोळ म्हणजे बाई. दोघांमध्ये काडी ठेवली की लग्न. आजोबा-पणजोबांपासून मांडत मांडत यायच्या आणि शेवटी नवरा-नवरीवर बोट ठेवून 'जमते' किंवा 'नाई जमत' एवढंच म्हणायच्या. मी त्यांना माझी नातेसंबंधांची आकृती दाखवली, पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ. त्यांनी कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला आणि परत दिला.

"कागदावरचे मानसं हालत नाईत," त्या म्हणाल्या. "मानसं तं हालते."

आकडा विचारण्याची खोड त्यांना एवढी होती की एसटीचा कंडक्टर, बँकेचा माणूस, जंगलखात्याचा गार्ड कुणीही सुटत नसे. एकदा सोलरचे दिवे बसवायला बिहारचा एक मिस्त्री आला. त्याला त्यांनी पाच देव देऊन टाकले, कारण त्या दिवशी गावात पाच देवांचं कुणी नव्हतं आणि पाहुण्याला कुठंतरी बसवायचं होतं. तो बिचारा आठ दिवस पाच देवांचा म्हणून जेवला आणि खुशीत गेला.

माझ्या शून्यानं मात्र घोळ केला. शून्य कुणाच्याच आकड्याशी जुळेना, म्हणजे हिशेबानं सगळं गाव माझं सोयरं झालं. आणि सोयऱ्यांशी काय करायचं असतं? थट्टा. ह्याला आमच्या पुस्तकात परिहास-संबंध म्हणतात आणि तो फार रंजक वगैरे असतो, असं मी वर्गात सांगत असे. हातपंपावर पाणी भरायला गेले की सत्तरीचे म्हातारे विचारायचे, "कवा येतं मंग आमच्या घरी नांदाले?" बाया माझ्या बादलीत मुद्दाम शेण टाकायच्या. एकानं तर माझ्या चपला लपवल्या आणि लग्नाला हो म्हटल्याशिवाय देणार नाही म्हणाला. त्याला चार नातवंडं होती. तेहतिशीच्या, बिनलग्नाच्या, नाकावर राग असलेल्या बाईनं हा रंजकपणा किती सोसावा? पाचव्या दिवशी मी केसरबाईंच्या ओसरीवर जाऊन रडकुंडीला येऊन बसले.

"मला एक आकडा द्या, बाई. कोणताही चालेल."

त्यांनी टोपली ओढली. दोन टोळ उचलल्या, एक खाली ठेवली. "ही मी." दुसरी जराशी खाली ठेवली. "ही तू. माही लेक. सहा देवाची. आत्रामाची." मग हाताला धरून त्यांनी मला घराच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं धानाच्या कोठीमागे घरचे देव होते आणि परक्या देवाच्या माणसाला तिथं पाय टाकायची मुभा नव्हती. त्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली, पळसाच्या पानावरचा भात स्वतःच्या हातानं भरवला आणि म्हणाल्या, "बाई नोको म्हनू आता. माय म्हन."

माझी आई मी अकरावीत असताना गेली. तेव्हापासून तो शब्द मी कुणासाठी वापरला नव्हता. संशोधकानं अलिप्त राहावं, असं वर्गात शिकवणारी मी कोठीमागे उभी राहून लहान पोरीसारखी रडले, आणि बाहेर येऊन वहीत लिहिलं: 'आज गोत्रात समावेश झाला.'

दुसऱ्या दिवसापासून गाव सरळ झालं. चपला लपवणारा मला 'बाई', म्हणजे बहीण, म्हणू लागला आणि त्याच्या तोंडावर भावाचा गंभीरपणा आला. साक्षी मला आत्या म्हणू लागली. मी दर सुट्टीला, दर जोडून आलेल्या रजेला पिपरटोल्याला जाऊ लागले, जाताना मायसाठी चहापत्ती, गुडघ्याचं तेल, एखादी चादर असं काहीबाही घेऊन. वर्षभरात माझी तीन वह्यांची टिपणं झाली. सहभागी निरीक्षण म्हणतात ते मला साधलं, असं मला वाटू लागलं.

आता माझ्या निरीक्षणाची गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ आयुष घुग्घुसला सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. पहिल्यांदा तो मला मोटारसायकलवर सोडायला आला. पुढच्या रविवारी मच्छरदाणी घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी बॅटरी. मग तो येतच राहिला. घुग्घुस ते पिपरटोला दीडशे किलोमीटरच्या आत काही नाही, आणि पठ्ठ्या रात्रपाळी करून आंघोळ करून यायचा. माझ्या वहीत तशा नोंदी आहेत: 'आयुष आला. माझ्यासाठी टॉवेल आणला.' 'आयुष आला. तांदूळ आणला.' धानाच्या गावात माणूस तांदूळ घेऊन येतो, याचं मला काही वाटलं नाही. कंसात मी लिहिलंय: 'भावाचं प्रेम.' दर रविवारी साक्षीही गडचिरोलीहून घरी असायची, ह्याचीही नोंद आहे, पण ती दुसऱ्या वहीत.

गावातल्या शेळ्यांनासुद्धा कळलं होतं. मला कळलं ते कलाबाईच्या तोंडून.

कलाबाई केसरबाईंच्या शेजारी राहायची आणि त्यांच्यावर तिचा जुना राग होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं बल्लारपूरकडच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. आडनावं वेगळी, पोरगी छान, साखरपुडा दोन दिवसांवर. केसरबाईंनी मुलीच्या आजोबांची चौकशी केली, टोपली पालथी केली आणि म्हणाल्या, "देव सहाच हायेत. बहीन होते. नाई जमत." साखरपुडा मोडला. पुढं मुलाचं दुसरीकडे झालं, सून गुणाची मिळाली, पण आणलेल्या साखरेचा आणि झालेल्या शोभेचा राग काही उतरला नव्हता.

तर एका रविवारी सकाळी हातपंपावर, दहा बाया पाणी भरत असताना, कलाबाई मोठ्यानं म्हणाली, "काहो केसरबाई, तुमच्या घरी काका पुतनीले गाडीवर बसवून फिरवून राह्यला म्हनते गडचिरोलीत? मस्त हाय. आमच्या पोरांच्या येळीच तेवढे देव मोजत होते."

मला आधी काहीच समजेना. मग डोक्यात हिरडे आणि टोळ आपोआप मांडले गेले. मी केसरबाईंची लेक. म्हणजे साक्षीच्या बापाची बहीण. माझा सख्खा भाऊ म्हणजे साक्षीच्या बापाचाही भाऊ. सहा देवांचा. आयुष साक्षीचा काका! माझ्या हातातून बादली सुटली आणि माझ्याच पायावर पडली.

दुपारी साक्षीच पुढं झाली. शांत पोरगी, पण इंजेक्शन द्यायचा हात पक्का. "आजी," ती म्हणाली, "मी आयुषसंगच करीन. नाई तं करतच नाई. अन् पळूनगिळून जानार नाई. तू जमते म्हनशीन तवाच करीन."

पळून गेली असती तर केसरबाईंना सोपं गेलं असतं. चार दिवस ओरडता आलं असतं.

"मी कलाबाईच्या पोराचं मोडलं," त्या म्हणाल्या. "आता आपल्या घरात आलं तं तोंड फिरवू? उद्या कोन इचारन मले?" पुढं त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् पोट्टा तं चांगला हाय वं."

आयुष अंगणातल्या आंब्याखाली हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला चार-पाच पिढ्यांचा गुन्हा एकट्यानं केल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, हा गुंता माझ्यामुळे झालाय, तो मीच सोडवायला पाहिजे.

"माय, मला काढून टाका," मी म्हटलं. "होते तशी शून्य करा. मग आयुष मोकळा."

केसरबाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. "मानूस काय भाजी हाय का, टाकलं अन् काढलं? म्या तुले देवापुढं नेलं. हातानं भरवलं. ते काय खेळ होता?" खरं तर मला त्या ओरडण्याचं बरंही वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

तीन दिवस त्या टोपली घेऊन बसल्या होत्या. मांडायच्या, पाहायच्या, मोडायच्या. सून जेवण झाकून ठेवायची. मी शेजारी बसायचे तर मला सरकवायच्या, "उजेड आडवू नोको." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझी टोळ उचलली आणि हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. मग ती डावीकडे, पार दूर नेऊन ठेवली. तिकडे एकच टोळ होती आणि एक फुटका हिरडा. मी विचारलं, हे कोण?

"मी अन् माहा भाऊ," त्या म्हणाल्या. "गेला तो. पोरंबाळं नाई झाले त्याले."

दुसऱ्या दिवशी सोमाजींच्या अंगणात गाव जमलं. सोमाजी हे गावचे भूमिया, पूजा आणि निवाडा दोन्ही त्यांच्याकडे. ऐंशीच्या घरातला माणूस, दात दोन, शब्द त्याहून कमी. केसरबाई उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य असं बोलल्या की कलाबाईच्या तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा तिथंच थांबला.

"चूक माही हाय."

मग त्यांनी टोपली पालथी केली. "ह्या पोरीले म्या लेक म्हटलं. घाईत म्हटलं. मले लेक नाई. मानसापाशी जे नसते ना, तेच त्याले पयले दिसते. पन नीट पाह्यलं असतं तं तवाच समजलं असतं. लेक घरी येते तं काही मागाले येते. ही दर खेपी काही घेऊन येते. तेल आनते, चादर आनते, अन् कशी हायेस म्हनून इचारते. तसं कोन येते? माहेरचं मानूस येते." त्यांनी माझी टोळ त्या फुटक्या हिरड्याच्या खाली ठेवली. "मी जनमाची मडाव्याची. सात देवाची. ही माह्या भावाची नात. सात देवाची. हिचा भाऊ भी सात देवाचा. अन् माही साक्षी सहा देवाची."

मग सगळ्यांच्या डोक्यात हिरडे हलल्याचं दिसलं. आयुष आता काका नव्हता. तो केसरबाईंच्या माहेरचा नातू होता, आणि साक्षी त्याच्या बरोबरीची. नुसतं चालणारं नव्हे, गोंडांमध्ये ह्याहून चांगलं लग्नच नाही. ज्या घरातून बाई आली त्या घरी पुढच्या पिढीतली एक मुलगी परत जाते; त्याला दूध परतवणं म्हणतात.

"ही चूक आताच कशी सापडली वं तुले?" कलाबाईनं विचारलं. अंगणात हशा पिकला. "माह्या पोराच्या येळी काऊन नाई सापडली?"

केसरबाई हसल्या नाहीत. "तुया पोराचे देव त्याच्या जनमाचे होते, कलाबाई. ते म्या दिले नव्हते. ह्या पोरीचे म्या दिले. जे म्या मांडलं त्यातच मी चुकू शकते. जे मांडलेलंच होतं त्यात मी कशी चुकू?" मग त्या थेट तिच्याकडे वळल्या. "तुले पटत नसन तं नाई म्हन. तू नाई म्हटलं तं हे लगन होनार नाई. मी पोरीले सांगन."

आता सगळं गाव कलाबाईकडे पाहत होतं. साक्षी जमिनीकडे. आयुष हेल्मेटकडे. कलाबाईनं दोन वर्षांचा राग तोंडात घोळवला आणि सोमाजींना विचारलं, "चुकीचा दंड काय?"

"बोकड अन् भात," सोमाजी म्हणाले. "गावाले."

"केवढा बोकड?"

"मोठा," केसरबाई म्हणाल्या.

"मंग जमते," कलाबाई म्हणाली.

सोमाजींनी एक बोट वर केलं. अजून एक बाब होती. मडाव्यांच्या त्या घरी कुणी उरलेलं नव्हतं; भाऊ गेल्याला बावीस वर्षं झाली होती, घर पडलं होतं. मग ह्या माणसांना तिकडून 'आपले' कोण म्हणणार? केसरबाई म्हणाल्या, मीच. सोमाजी म्हणाले, तू तर आत्रामाची झालीस. बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी सोमाजींनी निवाडा दिला, त्यांच्या मानानं तो फारच लांब होता: "तोंडानं माहेर होत नाई. लुगडं घेऊन येईन ते माहेर."

परतताना मी आनंदात होते. केसरबाईंच्या पुढे धावत घरात शिरले आणि सवयीनं मागच्या खोलीकडे वळले. मागून आवाज आला, "तिथी नाई." मी थांबले. "आता तू सोयरी. ओसरीवर बस," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता पुढं म्हणाल्या, "अन् माय नोको म्हनू. आजी म्हन."

मला हे आधी सुचलंच नव्हतं. आठ वर्षं आकृत्या काढणाऱ्या बाईला, एक टोळ सरकली की काय काय सरकतं हे कळलं नाही. ओसरीवर बसून मी दुसऱ्यांदा आई गेल्यासारखी रडले. आत केसरबाई भांडी आपटत होत्या. घासलेलीच होती ती.

आता बाबांना सांगायचं होतं. आमचे बाबा निवृत्त मुख्याध्यापक, वय बासष्ट, देव ह्या शब्दानं त्यांचा रक्तदाब वाढतो. मूलच्या घरी ते पेपर वाचत होते. साक्षीबद्दल त्यांचा काही आक्षेप नव्हता. मुलगी शिकते, नोकरी करील, छान. मी म्हटलं, "एकच आहे, बाबा. आपल्याला सात देव मिळालेत."

"परत कर," बाबा म्हणाले.

मी सगळं समजावलं. ते ऐकून त्यांनी पेपर घडी करून ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तुझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन सोडले ते तू पिपरटोल्याला जाऊन घेऊन आलीस? आणि ती अडुसष्ट वर्षांची बाई माझी कोण म्हणालीस?"

"आत्या."

"सहा वर्षांनी मोठी आत्या!"

शेवटी ते स्वतःच आले, भांडायला. पिपरटोल्याच्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. बाबा म्हणाले, जयभीम. केसरबाई म्हणाल्या, जोहार. बाबांनी अर्धा तास बुद्धिप्रामाण्यावर भाषण दिलं. केसरबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "मास्तर, त्याइले पुजू नका. नुसते मोजा. कोन आपला भाऊ अन् कोन सोयरा, एवढ्याचसाठी हायेत ते."

"मग त्यांना देव कशाला म्हणता?" बाबा म्हणाले. "आकडा म्हणा."

"तुमी आकडा म्हना," केसरबाई म्हणाल्या.

तेवढ्यावर मिटलं. बाबांनी मूलच्या बाजारात दोन तास घालून हिरवं लुगडं घेतलं. मी सुचवलेले सगळे रंग त्यांनी नाकारले. बोकडाच्या जेवणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांनी ते केसरबाईंच्या हातात दिलं. काय म्हणायचं असतं ते आम्ही पाठ करून घेतलं होतं, पण ऐनवेळी हेडमास्तर विसरले. नुसतंच म्हणाले, "घ्या. घरून आणलंय."

बावीस वर्षांत त्या बाईला घरून काही आलं नव्हतं. लुगडं छातीशी धरून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. कलाबाईनं, सगळ्यांच्या आधी कलाबाईनं, जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "रंग चांगला हाय. माहेर श्रीमंत भेटलं तुले."

लग्न वैशाखात झालं, आधी मूलच्या विहारात आणि चार दिवसांनी पिपरटोल्याच्या मांडवात. मी पुन्हा सोयरी झाले होते, त्यामुळे मांडवात माझ्या चपला तीनदा गायब झाल्या आणि माझ्या जागी कुणीतरी एक शेळी नवरदेवाची करवली म्हणून उभी केली. ह्या वेळी मी रडले नाही. त्या नातवंडवाल्याच्या फेट्यात मी खाजकुयली टाकली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आमच्या मूलच्या दारात एसटीतून उतरलेल्या केसरबाई उभ्या. काखेत गाठोडं, अंगावर तेच हिरवं लुगडं. मी लगबगीनं पुढं झाले. "साक्षीला भेटायला घुग्घुसला चाललात का?"

"तिले काहाले? ते तिच्या घरी मजेत हाय," त्या म्हणाल्या. "मी माहेरी आली. चार दिवस ऱ्हाईन."

आणि त्या खरोखर माहेरवाशिणीसारख्या राहिल्या. कामाला हात लावला नाही. उशिरा उठल्या. वरणात तिखट कमी म्हणाल्या. बाबांनी त्यांना पेपर वाचून दाखवला. समोरचे गुणवंतराव कुतूहलानं येऊन बसले तर केसरबाईंनी त्यांना विचारलंच, "तुमी किती देवाचे?" गुणवंतराव गोंधळले. "ह्या कोण?" त्यांनी बाबांना हळूच विचारलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. "माझी आत्या," ते म्हणाले. "माहेरी आली आहे."

संध्याकाळी मी चहा टाकत होते. केसरबाई स्वयंपाकघरात आल्या, डबे उघडून पाहिले, ओट्यावरून हात फिरवला. त्यांच्या बापाचं घर; त्यांना कुठं मज्जाव होणार? मी तंद्रीत होते. "माय, साखर किती?" तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. "चुकले. आजी."

त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. बाबा गुणवंतरावांना काहीतरी पटवून देत होते.

"सोमाजी नाई ना इथी?" त्या म्हणाल्या. "कलाबाई?"

"नाही."

"मंग म्हन."

मी म्हटलं. त्यांनी हं केलं आणि दोन चमचे साखर स्वतःच्या हातानं टाकली.